तांदळाच्या डब्यातले दोन दगड

तुमच्या सदरातले अनुभव नात मला वाचून दाखवते. पिंपळ, पैंजण, मागून आलेली हाक... मी ऐकतो आणि जांभई देतो. वयाचा दोष असेल. पण असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही हे खरं. लालबागच्या चाळीत, लाल बावट्याखाली वाढलेला माणूस मी. भूत दिसलं असतं तर आधी त्याला युनियनचा मेंबर करून घेतला असता. आजही विश्वास बसलाय असं नाही. फक्त एक गोष्ट आहे, ती काही केल्या जागेवर बसत नाही. किती वर्षं बसवतोय! आता नव्वदीला टेकलो, कंटाळा आला. तेव्हा तुम्हीच बघा काही जमतं का. मी सांगतोय, नात टाइप करतेय.

साल छप्पन, महिना जानेवारी. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत मी टेंपररी ड्राफ्ट्समन होतो. नागपूरकडच्या माळरानांवर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं पुरली, त्या जागा. तिथं खणून जे निघायचं — मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, कोरलेले दगड — ते पेट्यांतून आमच्याकडे यायचं. मी त्याची मापं घ्यायची आणि शाईनं ठिपका ठिपका देत चित्र काढायचं. दिवसभर ठिपके! रात्री डोळे मिटले तरी ठिपकेच दिसायचे.

त्या खेपेला मुठीएवढा एक काळा गोटा आला होता. मढ्याच्या उशाशी ठेवलेला सापडला म्हणे. एका अंगाला पाच खळगे कोरलेले, वर ओळीनं चार आणि खाली एक. बोटाचं टोक बसेल एवढे. पाचही सारख्या खोलीचे. हे मी अंदाजानं सांगत नाही, प्रत्येक खळग्याची खोली मी स्वतः मोजली होती.

चित्र अर्धं झालं होतं तेवढ्यात बातमी फुटली की मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही. गिरण्या बंद, ट्रामवर दगड, लाठीमार, अश्रुधूर, मग गोळीबार. साहेबांनी दुपारीच कचेरी बंद केली. मला म्हणाले, "हा दगड घरी न्या, चित्र पुरं करून आणा. आणि सांभाळा हो, याला जोड नाही." मी तो फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि लालबागपर्यंत चालत आलो.

आईला सांगितलं, कचेरीचा नमुना आहे. मढ्याबरोबर पुरलेला दगड आहे हे काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं मला त्या दगडासकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं. आमची आई मालवणची, या बाबतीत ऐकायची नाही. तेव्हा गप्प बसलो. एवढीच माझी चूक... पण जन्मभर पुरली.

त्याच आठवड्यात बाबा गेले. गोळी लागून नव्हे. वीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली छाती, कर्फ्यूत डॉक्टर मिळाला नाही, संपलं. पलीकडच्या चाळीतले दोघे गोळीबारात गेले होते. त्यांच्यापुढे आमच्या बाबांचं साधं मरण सांगायचीही आम्हाला लाज वाटायची. बाबा तसे गप्प माणूस. उजव्या हाताचं मधलं बोट मशीननं पेरभर खाल्लं होतं, त्यामुळे चहाचा ग्लास धरला की ते बोट काचेपर्यंत पोचायचंच नाही. मी लहानपणी हसायचो. ते पण हसायचे.

पोलिसांकडून पास काढून चौघांनी त्यांना नेलं. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडायला जो दगड उचलतात ना, तोच जीवखडा. दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजायचं, त्याच्यावर तीळपाणी सोडायचं आणि दहाव्याला पाण्यात सोडून द्यायचा. मी उचलला तो काळाच होता, मुठीएवढा. मधून एक पांढरी शीर गेलेली. भटजी रोज गिरगावातून येऊ शकणार नव्हते. म्हणाले, "कफनाच्या फडक्यात बांधून ठेवा आणि वरूनच पाणी सोडत जा." गॅलरीच्या कोपऱ्यात, एका मडक्यात ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी चाळीत पोलीस शिरले. कुणीतरी गच्चीवरून दगड टाकले होते. त्या दिवसांत घरात दगड सापडणं म्हणजे बाँब सापडण्यासारखंच होतं हो! सगळ्या बाप्यांना खाली अंगणात ओळीनं बसवलं. मीही बसलो, सुतकातला, मुंडण केलेला. वर आई एकटी. बुटांचा आवाज जिन्यावर आला तशी ती घाबरली. मढ्याचं मडकं कोण उघडणार, पण तिला काय सुचणार तेव्हा? नवरा गेला, आता दगडापायी मुलगा जाईल. तिनं जीवखडा फडक्यातून सोडला, माझ्या पिशवीतला नमुना काढला आणि दोन्ही तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसले.

हवालदार दारात आला. कोपऱ्यात पिठावर ठेवलेला दिवा त्याला दिसला. त्यानं टोपी काढली, "माफ करा माई" म्हणाला आणि गेला. डब्याला हातसुद्धा लावला नाही. मेल्यानं लावला असता तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

मला सोडलं तासाभरानं. वर आलो तर आईनं एक दगड फडक्यात बांधून मडक्यात ठेवला होता, दुसरा गुंडाळून माझ्या पिशवीत. म्हणाली, "ठेवलंय सगळा जागच्या जागी." मी बघितलं नाही. थकलो होतो. बघायला हवं होतं.

पुढले सहा दिवस त्या मडक्यावर तीळपाणी सोडलं. दहाव्याला बाणगंगेवर गेलो, तोवर कर्फ्यू उठला होता. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. भटजी म्हणाले, "भाग्यवान माणूस, काही इच्छा राहिली नव्हती." आईनं डोळ्याला पदर लावला. मी फडक्यासकट दगड पाण्यात सोडला. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन टेबलावर नमुना उघडला.

एकही खळगा नाही. गुळगुळीत काळा दगड, मधून पांढरी शीर.

मी खुर्चीत बसून राहिलो. म्हणजे दहावं झालं कुणाचं? नागपूरकडच्या त्या कुणाचं तरी, तीन हजार वर्षांनी, माझ्या बापाचं नाव आणि गोत्र लावून. त्याला कावळा शिवणारच, बिचारा किती वर्षं थांबला होता! आणि माझे बाबा माझ्या ड्रॉवरमध्ये. रबर, पेन्सिली आणि बाबा. मी ड्रॉवर बंद केला, कुलूप लावलं. हसू येत होतं.

देवावर विश्वास नसलेल्या माणसाला हे लागू नये. मला लागलं. आईला सांगावं तर ती जागच्या जागी कोसळेल. साहेबांना सांगावं तर नोकरी जाईल, कदाचित चोरीचा आळही येईल, आणि आता घरात कमावणारा मीच. शनिवारी साहेबांनी विचारलंच, "तो पाच खळग्यांचा दगड कुठाय हो?" म्हटलं, "सोमवारी देतो, थोडं काम राहिलंय."

त्या संध्याकाळी मी काय केलं ते नातीला पण आज पहिल्यांदा कळतंय. भायखळ्याच्या मंडईबाहेर पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारी एक बाई बसायची. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "एका गोट्याला पाच खळगे पाडून द्याल का?" तिनं मान वर केली. "कसला गोटा? कशाला खळगे?" तिच्या हातातली छिन्नी बघितली. बापाच्या जीवखड्यावर छिन्नी चालवायला निघालो होतो, आणि ती पण भाडोत्री! तसाच परत फिरलो. दगड ड्रॉवरमध्येच होता, कुलपात. किल्ली माझ्या जानव्याला... छे, जानवं कुठलं, करगोट्याला. दोन दिवस ती सुटली नाही.

सोमवारी ठरवून गेलो, सगळं सांगून टाकायचं. साहेब टेबलाशी उभेच होते. "काढा बघू." मी कुलूप काढलं. सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी स्वतःच गुंडाळी उचलून सोडली.

पाच खळगे होते. वर चार, खाली एक. आणि मधून पांढरी शीर.

साहेबांनी माझं चित्र शेजारी ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग चिडले. "अहो, लक्ष कुठं असतं तुमचं? ही शीर दाखवलीच नाहीत! आणि पाचही खळगे सारखे काढलेत. हा बघा, वरच्यांतला हा एक निम्मासुद्धा खोल नाही. पुन्हा काढा सगळं."

ते गेल्यावर मी उजव्या हाताची बोटं त्या खळग्यांत ठेवली. अंगठा खाली, चार वर. अंगठा आणि तीन बोटं बरोबर बसली. मधलं बोट मात्र आत जाईना, वरच टेकून राहिलं. तेवढंच पेरभर.

मी चित्र पुन्हा काढलं. चार दिवस लागले. दगडावर नंबर पडला, रजिस्टरमध्ये नोंद झाली, फळीवर गेला. सरकारी मालमत्ता झाले बाबा. घरी कसे आणणार? वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला, कुणी नसताना ब्रश धुवायच्या वाटीत ताजं पाणी घ्यायचं आणि दोन थेंब त्या फळीवर सोडायचे, एवढंच जमलं. मंत्र येत नव्हते. "बाबा, पाणी घ्या," एवढं म्हणायचो.

आईला काही सांगितलं नाही. चार वर्षं. तिची झोप गेली होती, पहाटेपर्यंत उठबस चालायची. मला वाटायचं, दुःखानं.

मग साठ साली महाराष्ट्र झाला. त्या आठवड्यात फोर्टातली रोषणाई बघायला आई माझ्याबरोबर आली. उजेड होता अजून, म्हटलं आधी माझी कचेरी दाखवतो. आत शिरली आणि फळ्यांवरचे दगड बघून थबकलीच.

"हे कसले रे धोंडे?"

थकलो होतो मी लपवून. सांगितलं, "आई, मढ्यांबरोबर पुरलेले. तुका तेव्हा सांगूक नाय. तो नमुना पण असलोच होतो."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं, आता मला शिव्या पडणार, आणि पडू देत.

"माका खंयचो तो कळलो नाय रे," ती म्हणाली. "लपयताना खंयचोच नीट बघूक नाय. तांदळातसून दोनय काढलंय, दोनय काळे. हातात धरून बघलंय. एक थंड लागलो, एक ऊन. ऊन तो तुझो बापूस, असा धरान बांधलंय. आणि बांधल्यार वाटला, चुकलंय. मेलेलो माणूस ऊन कसो आसात? तुका सांगूक धीर नाय झालो. चार वर्षां, बाबू... चार वर्षां माका झोप नाय."

म्हणजे ती पण! एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर झोपून, दोघंही तेच ओझं घेऊन पडलो होतो, एकमेकांना सांभाळायला म्हणून. मला रडू आलं. बाबा गेले तेव्हा आलं नव्हतं, तेव्हा वेळच नव्हता.

मी दगड काढून तिच्या मांडीवर ठेवला. खळग्यांबद्दल, बोटाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तिनं तो उलटा केला, शिरेवरून हात फिरवला. मग तिची बोटं आपणहून खळग्यांत गेली. मधलं अडलं. तिनं ते काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा अडलं.

"पाणी घालतस मां ह्येंका?"

"घालतंय."

"मगे झाला," आई म्हणाली, आणि दगड माझ्या हातात दिला. रोषणाई बघायला गेलो नाही. ती ट्राममध्येच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लालबाग आलं तरी उठेना, मग मीही उठवलं नाही. पुढं जाऊन परत आलो.

कुलूप माझं, किल्ली माझी, मापं माझी. कुणीतरी दुसरी किल्ली करून रविवारी बसून खळगे कोरले, हे धरलं तर बाबांचं बोट त्याला कुठून ठाऊक? मीच सुरुवातीला चुकीचं बघितलं म्हणावं, तर खळग्यांची मी मोजलेली मापं आजही पहिल्या चित्रावर माझ्याच अक्षरात आहेत. बसवा आता तुम्हीच. एकच काळजी आहे. रिटायर झाल्यावरही तिथीला जायचो, जुना माणूस म्हणून सोडायचे. गेली तीन वर्षं गुडघ्यांनी जिना चढवत नाही. ही टाइप करणारी नात इतका वेळ मध्ये मध्ये हसत होती. आत्ताच विचारतेय, "आजोबा, त्या दगडाचा नंबर काय?"

तो मी तिला सांगितलाय. इथं लिहीत नाही.