मोगऱ्याचा उपास

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा मला सोळावं सरत आलं होतं. माहेर केळवे-माहीमचं. घराभोवती वाडी, वाडीत केळी आणि पानवेली, मधोमध रहाटाची विहीर. वडील स्वतः वाडीत राबायचे आणि मी त्यांच्या मागे मागे फिरायची, त्यामुळे झाडापेडांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. पाणी घालायचं, भरपूर घालायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ही माझी विद्या. आमच्या वाळूत घातलेलं पाणी क्षणात गडप व्हायचं, म्हणून ती विद्या तिथे चालत होती.

सासरी माणसं चारच. हे संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मामंजींनीही त्याच कचेरीत सारा जन्म काढला होता आणि आता ते घरी असत. सासूबाई शांत, कामाला वाघ. घर कौलारू, बेताचं, पण मागे परसदार चांगलं ऐसपैस होतं. ते परसदार मामंजींचं. तिथे वांगी, मिरच्या, आळू, कढीलिंबाचं एक झाड, कुंपणाला गवती चहा आणि मोरीच्या भिंतीपासून पाचेक हातांवर एक जुना मोगरा.

त्या काळी सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं झालं तर मामंजी सासूबाईंना सांगत, आणि सासूबाई मला. पण परसदारी सासूबाई फारशा येत नसत. तिथे मामंजींनी वेगळाच मार्ग काढला होता. तो मला चौथ्या-पाचव्या दिवशी कळला. मी भर दुपारी वांग्यांना पाणी घालत होते. मामंजी मागच्या दारात उभे राहिले आणि वांग्याच्या रोपाकडे बघत म्हणाले, "बाबा रे, असल्या उन्हात पाणी प्यायलास तर मुळं शिजतील तुझी. ऊन कलल्यावर पी."

मी तांब्या खाली ठेवला. ते आत निघून गेले.

त्यानंतर रोज काही ना काही कानावर पडायचं. मिरचीला म्हणायचे, "शेंडा खुडला म्हणून रडू नकोस, आता चार फांद्या फुटतील." कढीलिंबाला म्हणायचे, "ताजं शेण तुझ्या बुंध्याशी कुणी टाकलं? जाळेल ना ते तुला. वर्षभर कुजलेलं खत असेल तरच घे." शेण मीच टाकलं होतं. मी ते मुकाट्यानं उचलून खड्ड्यात टाकलं. मनातून रागही यायचा. माझ्या वडिलांची वाडी यांनी पाहिलेली नाही, असं वाटायचं.

सगळ्यांत जास्त राग आला तो मोगऱ्यावरून. मोरीचं पाणी एका लहानशा पाटानं मोगऱ्याकडे जायचं. मार्गशीर्ष संपता संपता मामंजींनी पाटाच्या तोंडाशी एक दगड बसवला, वर चिखल लिंपला आणि पाणी आळवाकडे वळवलं. आठ-पंधरा दिवसांत मोगऱ्याची पानं मलूल झाली, काही पिवळी पडून गळाली. मामंजी रोज त्याच्यासमोरून जायचे, पण त्याच्याशी मात्र अक्षर बोलायचे नाहीत. जिवंत झाडाला असं तहानेनं मारायचं, हे मला बघवेना.

मामंजी जेवून वामकुक्षी करायचे. तेवढ्या वेळात मी भांडी घासायला मोरीवर बसायची. पहिल्या दिवशी भीत भीत दगड सरकवला. राखेचं गढूळ पाणी पाटातून गेलं आणि मोगऱ्याच्या आळ्यात जिरलं. मग दगड होता तसा लावला, वर ओला चिखल फिरवला आणि आळ्यात सुकी माती पसरली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. पौष गेला, माघ आला, माझा नेम चुकला नाही. मोगरा पुन्हा हिरवागार झाला. मला फार समाधान वाटायचं.

मामंजी एकदा सासूबाईंना म्हणाले, "यंदा थंडी पडूनही मोगऱ्याची पानं झडत नाहीत. नवलच आहे." सासूबाई म्हणाल्या, "असेल देवाची कृपा." मी चुलीतली लाकडं सारखी करत होते, ती उगाचच आणखी सारखी केली.

माघ सरता सरता त्यांनी कात्रीनं मोगऱ्याच्या फांद्या छाटल्या, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढली, बुंध्याभोवती कुजलेलं खत घातलं आणि पाटाचा दगड काढला. आता पाणी उघड उघड जायला लागलं. फाल्गुनात मोगरा तरारून उठला. लांबच लांब शेंडे, तळहाताएवढी पानं. चैत्र लागला. शेजारच्या परसदारात कळ्या दिसायला लागल्या. आमच्या मोगऱ्यावर एक कळी नव्हती.

सासूबाईंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या ओंजळीत आमच्या मोगऱ्याची फुलं पडायची. त्या वर्षी त्यांनी फुलं शेजारून मागून आणली. संध्याकाळी मामंजी जेवायला बसले तेव्हा सासूबाईंना म्हणाले, "माझ्या हाताचा गुण गेला बहुतेक. इतकी वर्षं एकदाही असं झालं नव्हतं. म्हातारा झालो." ते हसून म्हणाले, पण भाताचा दुसरा वाढा त्यांनी घेतला नाही.

मला तेव्हा नक्की काय चुकलं ते ठाऊक नव्हतं. पण दगड मी सरकवत होते आणि फुलं आली नाहीत, या दोहोंचा काहीतरी संबंध आहे एवढं कळत होतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तूच सांग त्यांना. मी सांगितलं तर चहाडी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी मिरच्यांपाशी खुरपं घेऊन बसले होते. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, मोगऱ्यासमोर उभी राहिले आणि त्याला म्हणाले, "तुझी फुलं माझ्यामुळे गेली. दगड सरकवून मी तुला पाणी देत होते. मामंजींच्या हाताला काही झालेलं नाही."

खुरप्याचा आवाज थांबला. मी मोगऱ्याकडेच बघत राहिले.

"किती दिवस?" मामंजींनी विचारलं. मिरचीला नाही, मला विचारलं.

"पौषापासून."

"रोज?"

"रोज. एकादशीलासुद्धा."

मामंजी हसले. त्यांना मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाई कणकेच्या हातांनी दारापर्यंत आल्या आणि काय चाललंय ते बघून परत गेल्या.

"त्याचा उपास होता तो," मामंजी म्हणाले. "थंडीत दोन महिने त्याला कोरडं ठेवायचं. पानं गळू द्यायची, झाड झोपू द्यायचं. मग छाटायचं, खत द्यायचं, आणि मगच पाणी. उपाशी झाडाला पाणी मिळालं की ते फुलायला धावतं. तू रोज जेवायला घातलंस, तो पानं वाढवत बसला. फुलायची त्याला गरजच पडली नाही."

"हे मला आधी कळलं असतं तर—"

"कसं कळणार? सगळ्या झाडांशी बोललो, मोगऱ्याशी तेवढा बोललो नाही."

मग ते उठून मोगऱ्यापाशी आले. अजून थोडं जमेल म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून पाणी तोडलं. आळ्यातली माती खुरप्यानं मोकळी केली, मुळं जराशी उघडी पाडली आणि आठ-दहा दिवस उन्हात तशीच राहू दिली. मग त्यांनी शेंडे छाटले, पानं मी ओरबाडली. खत-माती टाकून पाणी दिलं. वैशाखाच्या शेवटी शेवटी कळ्या आल्या. फार नव्हत्या, ओंजळभर असतील रोजच्या. सासूबाईंनी पहिला गजरा केला आणि अर्धा तोडून माझ्या अंबाड्यात खोचला.

त्यानंतर मामंजी परसदारी माझ्याशी सरळ बोलायला लागले. घरात मात्र पूर्वीसारखंच सासूबाईंमार्फत.

त्याच वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं. हंडाभर पाण्याला विहिरीवर ताटकळत बसावं लागायचं, तिथे झाडांना कुठलं देणार? इथे माझं माहेर उपयोगी पडलं. आमच्याकडे नव्या कलमांशी जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरत. मी दोन गळकी मडकी शोधली, कढीलिंबाशी एक आणि वांग्यांच्या मधे एक पुरलं, भरून वर करवंटी झाकली. बुंध्यांशी वाळलेल्या पानांचा जाड थर पसरला. मामंजी कमरेवर हात ठेवून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वांग्याजवळ बोट खुपसून माती पाहिली. ओली होती. "तुझ्या वडिलांची रीत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "शहाणा माणूस आहे," एवढंच बोलले. मला ते दिवसभर पुरलं.

ज्येष्ठ जवळ आला तेव्हा जवळच्या जामसर गावची एक बाई कुंपणासाठी कारवीच्या काठ्या आणि मांडवासाठी बांबू घेऊन आली. दरवर्षी यायची. सासूबाईंनी तिला भाकरी दिली, ती परसदारी बसून खात होती. मी वाफ्यात वांग्या-मिरच्यांचं बी टाकायच्या तयारीत होते. तिनं विचारलं, "बाय, राब नाय भाजला?"

मी म्हटलं, "राब भातालाच भाजतात ना?"

"भाताला भाजतो, नागलीला भाजतो. मिरचीला काय वंगाळ हाय? नाय भाजला तर गवतच येल, तुझी मिरची त्यात गावायची नाय."

भाकरी संपवून ती उठली आणि तिनं दाखवलं. वाफ्यावर आधी शेणी, त्यावर वाळका पाला आणि बारीक काटक्या, वरून मातीचा पातळ थर. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे भडका न होता धुमसत जळतं. मातीतलं गवताचं बी आणि किडे जळतात, राख खत होते. मामंजींनी इतकी वर्षं भोवतालच्या डोंगरउतारांवर राब पेटलेले पाहिले होते, पण आपल्या वाफ्यात करून पाहावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते लांबून बघत होते. बाई जाताना त्यांना म्हणाली, "पावसाच्या आदी झाडांची आळी बुजवा हां, मालक." ते त्यांना ठाऊकच होतं, पण त्यांनी मान डोलावली.

आळी बुजवणं मी त्या वर्षी शिकले. उन्हाळ्यात बुंध्याशी खोलगट आळं हवं, पाणी राहायला. जव्हारच्या पावसात तेच आळं झाडाचा जीव घेतं. म्हणून मिरगाच्या आधी माती ओढून बुंध्याशी उंचवटा करायचा आणि पाण्याला वाट काढून द्यायची. आम्ही दोघांनी सगळं परसदार तसं केलं. भाजलेल्या वाफ्यातली रोपं एवढी सशक्त निघाली की शेजारणी मागायला आल्या.

श्रावणात बांबूच्या मांडवावर पडवळ आणि दोडका चढला. पडवळं वाकडी व्हायला लागली की मामंजी माझ्याकडून सुतळी मागून घ्यायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला एक खडा बांधायचे. खाली खडे लटकलेली ती पडवळं वाऱ्यावर डोलायची आणि सासूबाई म्हणायच्या, "माझ्या डोक्यावर पडणार एक दिवस." एकही पडलं नाही. मामंजी पडवळं घेऊन कचेरीतल्या जुन्या सोबत्यांकडे द्यायला जायचे. "सुनेनं लावलंय," असं सांगायचे, असं मला ह्यांच्याकडून कळलं.

कार्तिकात वेलीवरची जून फळं वाळवून बी काढलं, राखेत घोळवलं आणि एका वाळक्या भोपळ्यात भरून चुलीच्या वर टांगलं. माघात माझ्या धाकट्या भावाची मुंज होती. मी निघाले तेव्हा बैलगाडी दारात उभी होती. मामंजींनी बियांची पुरचुंडी आणून माझ्या हातात दिली. घरात सगळ्यांसमोर, सरळ माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुझ्या वडिलांना दे. आणि सांग, बी टाकायच्या आधी वाफा भाजायचा. दोडक्याचं बी रात्रभर पाण्यात भिजवायचं. पडवळाला खडा बांधायला उशीर करायचा नाही, वीतभर झालं की बांधायचा. पाणी एकदाच, ऊन कलल्यावर."

सासूबाई म्हणाल्या, "बैल ताटकळलेत."

माहेरी पोचल्यावर मी वडिलांना ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत गेले आणि प्रत्येक गोष्टीवर मान हलवत गेले. "वाळूत राब कशाला? इथे गवतच उगवत नाही." "बी भिजवायचं ठीक आहे." "एकदाच पाणी? करपून जाईल सगळं. त्यांच्या तांबड्या मातीत चालत असेल." शेवटी त्यांनी अर्धं बी मामंजी म्हणतात तसं लावलं आणि अर्धं आपल्या पद्धतीनं. मुंज झाली, मी जव्हारला परत आले तेव्हा रोपं चार पानांवर होती.

दीड महिन्यानं वडिलांचं पत्र आलं. मुंजीची, पाहुण्यांची हकीकत झाल्यावर शेवटच्या दोन ओळी वेलींच्या होत्या. एकदाच पाणी घातलेल्या वेली खरोखरच करपल्या, पण आमच्या पद्धतीनं लावलेल्या पडवळालाही आम्ही खडे बांधले आहेत, ती सरळ येत आहेत, असं व्याह्यांना कळवावं. मी ते पत्र मामंजींना परसदारी नेऊन वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिही त्यांना, पाण्याच्या बाबतीत त्यांचं खरं." मग ते पुन्हा खुरपं घेऊन मिरच्यांपाशी बसले आणि मी आत शाई शोधायला गेले.