बुधवारचे कोयते

याआ ब्रुवाला एखाद्याची किळस आली की ती थुंकायची नाही. वरचा ओठ जरासा उचलायची आणि नाकातून जोरात श्वास सोडायची. शाळेच्या फाटकासमोर ती पंधरा वर्षं चवळीचा भात विकत होती, आणि इंग्रजी शिकवणारे ट्वुमासी सर समोरून गेले की तो ओठ आपोआप वर जायचा.

तिची स्वतःची शाळा सहावीत सुटली. इंग्रजी ती शिकली रेडिओ ऐकून आणि सरकारी नोटिसा वाचून. लॉरी स्टँडवर बायकांसाठी संडास व्हावा म्हणून तिने चार वर्षं अर्ज लिहिले. पाचव्या वर्षी जाऊन कारकुनाच्या टेबलावरच बसली, उठेचना. संडास झाला. तेव्हापासून लहानमोठे सगळे तिला आंटी म्हणू लागले आणि साहेब लोक तिला पाहून रस्ता बदलू लागले.

तिची लेक पोकुआ शेवटच्या वर्षाला होती. नर्सिंगला जायचं म्हणत होती. बाकीच्या विषयांत पक्की, पण इंग्रजीच्या निबंधात मार खायची. इंग्रजी गेलं की नर्सिंग गेलं, आणि परीक्षा आली होती पाच महिन्यांवर. निबंध सुधारायचा तर इंग्रजीचा जोडतास बुधवारी. आणि बुधवारी पोकुआ असायची ट्वुमासी सरांच्या कसाव्याच्या कंदांच्या शेतात, हातात कोयता घेऊन, तण छाटत.

का, तर गृहपाठ बरोबर नाही. शब्द कमी भरले, समास आखला नाही, विषय सोडून लिहिलं. गुन्हा कोणताही असो, शिक्षा एकच. आता शिक्षा म्हणून गवत कापणं यात नवं काही नव्हतं. ब्रुवानेही लहानपणी कापलं होतं. पण ते शाळेच्या आवारातलं होतं, मास्तरच्या मालकीचं नव्हतं.

एका मंगळवारी पोकुआ वही उघडून नुसतीच बसली होती.

"काय विषय आहे गं?"

"'बर्फाळ गावातली सकाळ'. साडेचारशे शब्द, उद्यापर्यंत."

"बर्फ? तुमच्यात बर्फ कुणी पाहिलाय?"

"सगळ्यांनी. मासळीवालीच्या पेटीत."

"दात काढू नकोस. त्याच्या आधी काय होतं?"

"'माझी आई'."

"तेव्हा किती पोरं गेली शेतात?"

"चारच. तेव्हा शेत साफच होतं ना, मम्मा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ब्रुवाने वही ओढून घेतली आणि मागची पानं चाळली. शेत तिच्या टपरीवरून दिसायचं आणि त्याचा रस्ताही तिथूनच जायचा, त्यामुळे कुठल्या आठवड्यात तण किती वाढलं होतं ते तिला पाठ. तण गुडघ्याला लागलं तेव्हा 'विमानतळावर हरवलेली बॅग'. काढून झालं की लगेच 'माझा आवडता सण'. पुन्हा वाढलं, 'राजवाड्यातली मेजवानी'. हा माणूस फळ्यावर विषय लिहायच्या आधी बांधावर जाऊन तण बघून येत होता!

पुढचा विषय आला 'मी जहाजातून केलेला प्रवास'. ब्रुवा म्हणाली, "लिही. सुरुवातीला जहाज, शेवटी जहाज. मधे आपला भात कसा शिजवायचा ते लिही."

"मम्मा, सर मारतील!"

"वाचलं तर मारतील ना?"

दोघींनी शब्द दोनदा मोजले, चारशे बहात्तर भरले. वही परत आली तेव्हा तिन्ही पानांवरून लाल फराटा ओढलेला होता. खाली सही आणि शेरा: शब्द अपुरे, शेतावर जाणे.

ब्रुवाचा ओठ वर गेला तो खाली येईना. पोलिसाला तिने टोपलीतले मासे उचलताना पाहिलं होतं, कारकुनाला विधवेचे कागद दडपताना पाहिलं होतं. पण पोरीने अंगठा दुखेपर्यंत लिहावं आणि याने ते न वाचताच त्यावर फराटा मारून तिला शेतात हाकलावं, हे जेवत्या माणसाच्या ताटात थुंकण्यासारखं होतं.

शनिवारी पालकांची सभा होती. प्रार्थना झाली, हेडमास्तर छपराबद्दल बोलू लागले. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा सदरा घालून ट्वुमासी सर बसले होते. ब्रुवा वही घेऊन उभी राहिली.

"आंटी, आज विषय छपराचा आहे."

"छप्पर कुठे पळत नाही. त्याच्याखाली पोरं बसतात का, ते बघू आधी."

आणि तिने पोकुआचा निबंध मोठ्याने वाचायला घेतला. जहाज बंदरातून निघालं. लाटा उसळल्या. मग कप्तानाने चवळी भिजत घातली. चवळी अर्धी शिजल्यावर त्याने तांदूळ टाकले आणि झाकण गच्च लावलं. सभेत आधी खुसखुस झाली, मग माणसं पोट धरून हसू लागली. ब्रुवा हसली नाही.

"सर, खाली सही तुमचीच ना? मग सांगा, कप्तानाचा भात बरा झाला का?"

ट्वुमासी सरांचे कान तापले. "पासष्ट वह्या असतात, आंटी. मीही माणूस आहे."

"पासष्ट वह्या वाचायला वेळ नाही, आणि पासष्ट पोरांची मुकादमी करायला आहे?"

मग तिने विषय एकेक करून वाचले आणि प्रत्येकापुढे तण किती होतं तेही सांगितलं. हसणं थांबलं. मागून एक बाप ओरडला, "माझ्या पोराच्या पायाला कोयता लागला, तो तिथेच?" हेडमास्तर म्हणाले, हा शिस्तीचा भाग आहे. ब्रुवा म्हणाली, "त्या शिस्तीतला कसावा तुमच्या घरी पोत्याने जातो, तो माझ्या टपरीवरूनच जातो." हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग जाहीर केलं, यापुढे एकही विद्यार्थी कुणाच्या शेतावर जाणार नाही.

सर उठले. "ठीक आहे. मग मी गृहपाठच देणार नाही. माझं काय जातं?"

यावर काही पालकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मूर्ख कुठले! पोरांच्या ताटातला घास उचलला तरी टाळ्या!

"देणार तुम्ही," ब्रुवा म्हणाली. "आणि दर बुधवारी पाच वह्या वर्गासमोर मोठ्याने वाचणार. मी मागच्या बाकावर बसणार आहे."

"वर्गात पालक बसत नाहीत."

"टेबलावर बसू का मग?"

जुनी माणसं पुन्हा हसली. हेडमास्तरांनी घाईघाईने मान हलवली. त्यांना फक्त ती सभा संपायला हवी होती.

बुधवारी भाताचा डाव बहिणीच्या हाती देऊन ब्रुवा वर्गात जाऊन बसली. सरांनी मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी पहिली वही उचलली. भरभर वाचली, दुसरीही तशीच. तिसरी पोकुआची. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर मध्येच ते अडखळले. मागे गेले. ओळ पुन्हा वाचली.

"पोकुआ, इथे तुला म्हणायचंय काय?"

पोकुआ उभी राहिली. तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग हळूहळू, शब्द शोधत, तिने सांगितलं.

"मग तेच लिही ना. हे वरचं खोड."

पोकुआ पेन घेऊन पुढे गेली. तिने ओळ खोडली आणि तिथेच, सरांच्या टेबलावर वाकून, नवी लिहिली. सर बघत होते. तिचं लिहून झाल्यावरही वही त्यांच्यासमोर तशीच उघडी होती, ते ती नवी ओळ वाचत होते.

"चौथी घ्या, सर," ब्रुवा मागून म्हणाली.