भाऊजींच्या मुक्या टिकल्या

गॅस गळला की ओरडणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात दोघी बहिणींतली धाकटी इंजिनीअर होती. यंत्राच्या पोटातल्या टिकल्या तिच्या ताब्यात. टिन ऑक्साइडची पूड दाबून, भट्टीत भाजून केलेल्या, नखाएवढ्या. आणि भट्टीवर होते तिच्या ताईचे यजमान. त्यांना इथं तिनंच चिकटवलं होतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

भाऊजींची हयात कपबश्या भाजण्यात गेलेली. माणूस सोन्यासारखा, पण सावकाश. भट्टी विझवल्यावरही आत हवा खेळती ठेवून ते टिकल्या तासन्‌तास निववत बसत. निघायच्या त्या पांढऱ्याशुभ्र, कुठं तडा नाही. आणि ठार मुक्या. गॅस सोडला तरी हूं की चूं नाही.

"भाऊजी, कितीदा सांगू," आवाज चढू न देता ती म्हणाली. "टिकलीत ऑक्सिजनच्या थोड्या जागा रिकाम्या राहायला हव्यात. तरच तिच्यातून वीज जाते. गॅस लागला की आणखी जाते, मग भोंगा वाजतो. तुम्ही तिला इतकी हवा पाजता की सगळ्या जागा बुजतात. उरतो नुसता दगड."

"म्हणजे मी मुद्दाम खोट ठेवू?"

"हो. बेताची. ठरल्या वेळेला बाहेर काढा, बस."

"गरम वस्तू बाहेर काढली की तडकते गं."

"कप तडकतो. ही नाही तडकत."

भाऊजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

"ताई, तू तरी समजाव."

"मी?" ताई म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्यांचा चहा निवायची वाट बघतेय."

शेवटी धाकटीनं एक टिकली स्वतः वेळेवर काढली, ती आणि भाऊजींची एक यंत्रांत बसवली आणि दोन्ही त्यांच्यासमोर गॅसखाली धरल्या. तिची ओरडली, त्यांची गप्प. भाऊजींनी चष्मा पुसून दोन्ही निरखल्या.

"पण दिसायला माझीच उजवी."

तिनं कपाळाला हात लावला.

भाऊजी मात्र रुसले. पुढचा घाणा त्यांनी लालबुंद असतानाच बाहेर ओढला. आता रिकाम्या जागा इतक्या झाल्या, की गॅसचा पत्ता नसताना सगळी यंत्रं एकदम बोंबलू लागली. माणसं कानांवर हात ठेवून अंगणात पळाली. साहेबांनी धाकटीकडे नुसतं पाहिलं.

त्याच दिवशी तिनं भाऊजींना शेजारच्या विभागात हलवलं. तिथं टिकल्या बसवायच्या चिनीमातीच्या बैठका भाजत.

"तिथं खोट चालत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

ते खुशीत गेले. नव्या भट्टीवाल्याच्या हातच्या टिकल्या शहाण्यासारख्या बोलू लागल्या आणि धाकटीला जरा हायसं वाटलं. आठवडाभरानं जुळणीवाला दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, टिकल्या ढीगभर पडल्यात. बसवू कशावर? बैठका कुठायत?"

धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"निवतायत," ती म्हणाली.