कापायला सांगितलेलं भाषण
मुलीच्या गॅदरिंगसाठी काल रंगभूषेच्या पॅनकेकचा डबा उघडला आणि त्या वासासरशी आमच्या शहरातल्या चौबे कॉलोनीतला नाटकाचा हॉल आठवला. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात मी शेवटी घर सोडून जाणारी बायको होते आणि नवऱ्याच्या भूमिकेत मुंबईहून आलेला मालिकेतला प्रसिद्ध नट. प्रयोगाआधी तासभर दिग्दर्शक म्हणाले, “तुझं शेवटचं भाषण कापू. लोक त्याले पाहाले येऊन राहिले, तुले नाही.” मी म्हटलं, “घर सोडणाऱ्या बाईनं गप काहून जावं? मी बोलणार.” रंगमंचावर मी बोलू लागले, तसा नट मध्येच त्याचं वाक्य म्हणू लागला. “थांबा, माझं बोलणं व्हायचं आहे,” मी भूमिकेतूनच म्हटलं. तो थांबला. मी भाषण शेवटपर्यंत म्हटलं आणि मगच बाहेर पडले. मंडळानं मला पुन्हा बोलावलं नाही. मीही आजवर माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.