पक्षी देणाऱ्याची तपासणी

आमच्या नांदेडच्या घरी कॉकटेल या पोपटासारख्या पक्ष्याची एक मादी आहे. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. तिच्यासाठी गावातल्याच एका दुकानातून आणलेला नर आठवडाभरात मेला. "गरमीनं गेला, सर," एवढेच दुकानदार म्हणाला. त्यानंतर ती छातीवरची पिसे उपटू लागली. पशुवैद्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: हिला लवकर सोबत हवी, आणि येणारा पक्षी रोग घेऊन आला, तर ही वाचणार नाही. पत्नीने पहिली गोष्ट मनात धरली, मी दुसरी.

लातूरचे एक बँकेतले गृहस्थ गच्चीवर कॉकटेल वाढवतात, असे कळले. पहिल्यांदा आम्ही दोघे कळवून गेलो. पाहण्यासारखे सारे पाहिले: पाणी स्वच्छ, खालचा कागद त्याच दिवशी बदललेला, पिल्लांचे आईबाप शेजारच्याच पिंजऱ्यात. पिल्लू आपले आपण राळ्याचे दाणे टिपू लागेपर्यंत देत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले. पत्नीने एक करडा नर पसंत केला आणि तो न्यायचा दिवस ठरला.

तरी माझे मन स्वस्थ होईना. माझी नोकरी मुख्याध्यापकाची. तपासणीची तारीख आधी कळली, की शाळा कशी दिसते, हे मला चांगले ठाऊक होते. म्हणून ठरल्या दिवसाच्या आधीच्या रविवारी, न कळवता, रिकामा पिंजरा घेऊन लोह्यावरून जाणारी लातूरची बस धरली.

मला दारात पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"सर, फोन तर करायचा."

"इकडे कामच निघालं," मी म्हणालो. काम काही नव्हते.

"बसा. पण आज वर नेत न्हाई."

त्यांच्या पत्नीने पाणी आणून ठेवले. "गुरुजींनी इन्स्पेक्शन लावलं जणू. चहा तरी तपासून घ्या."

मला हसू आले नाही. माझे लक्ष जिन्याकडे होते. वर काय असेल, याची नाना चित्रे डोळ्यांपुढून गेली. "वर का नाही?" मी विचारले.

"तुमच्या नराचा भाऊ बीमार हाय. परवापासून अंग फुगवून बसून राहिलाय. त्याला खाली न्हाणीत वेगळा ठेवलाय, पण वर अजून कुणाला काय लागलंय, कळंना."

न्हाणीच्या दाराशी उभे करून त्यांनी तो दुरूनच दाखवला. डोळे अर्धे मिटलेले. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत होती. आमचा मेलेला नरही शेवटी असाच दिसत होता.

"आणि आमचा?"

"आज तरी खातोय. उद्याचं कसं सांगू? लई घाई असली तर न्या, अडवत न्हाई. पण माझं मन घेत न्हाई."

तेवढ्यात पत्नीचा फोन आला. "घेतला का? हिनं सकाळपासून दाण्याला तोंड लावलं नाही."

मी "थोड्या वेळानं सांगतो" म्हणालो आणि बसून राहिलो. या गृहस्थांना आजारी पक्षी लपवणे सोपे होते. वरचा धडधाकट नर आणून पिंजऱ्यात घातला असता, तर मी आनंदाने घेऊन गेलो असतो. पण रोग सगळ्या गच्चीवर पसरला असेल तर? आणि आणखी थांबलो, तर घरची मादी तोवर राहील का? माणसाविषयी माझी खात्री होत चालली होती. पक्ष्याविषयीची मात्र तितकीच ढळत होती. शेवटी मी रिकामा पिंजरा उचलला.

घरी पत्नीने आधी पिंजऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"माणूस खोटा निघाला का?"

"खरा वाटतो."

"मग पक्षी का नाही आणला?"

मी सगळे सांगितले. तिने वाद घातला नाही. "उद्या हिचं काही झालं, तर मला समजावत बसू नका," एवढे बोलून ती राळे भिजत घालायला उठली.

दुसऱ्या संध्याकाळी लातूरहून फोन आला. आजारी नर गेला होता. आमचा खात होता, पण पशुवैद्यांनी होकार दिल्याशिवाय एकही पक्षी घराबाहेर जाणार नाही, असे ते म्हणाले. पत्नीने फोन माझ्या हातातून घेतला.

"भाऊ, आमची मादी खाईना. काय करू?"

"वैनी, कणसासकट राळं आणा आन् जाळीला बांधा. हातानं भरवू नका. तुम्ही तिथंच बसा, पण तिच्याकडं बघत बसू नका."

तिने कणीस बांधले. आम्ही दोघे पिंजऱ्याकडे पाठ करून बसलो आणि दाणा फुटल्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिलो.