धारगळच्या बाईंचा तीन पानी अर्ज

आमच्या मंचाने अपिलं ऐकण्यासाठी तीन स्वतंत्र अधिकारी नेमायचं ठरवलं, तेव्हा अकरा अर्ज आले. दहा अर्जांत सातव्या प्रश्नापुढे एकच शब्द होता, ‘नाही’. अकराव्या अर्जाला त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी तीन पानं जोडलेली होती. ती वाचून मला हसू आलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

मंच म्हणजे पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या काही गावांतल्या लोकांनी मिळून केलेली संघटना. खाण असो, रस्ता असो, डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या वसाहती असोत, आमच्याकडे सगळं आधी भेटीगाठींत ठरतं. कोणीतरी कंपनीसाठी मंत्र्याकडे जाऊन येतो, कोणीतरी ‘गावाचीच इच्छा आहे’ असं अधिकाऱ्याच्या कानावर घालतो, आणि गावाला कळतं ते मशीन आल्यावर. म्हणून आम्ही एक वही सुरू केली. मंचातल्या ज्याला कोणासाठी आमदाराकडे, मंत्र्याकडे किंवा कचेरीत रदबदली करायची असेल, त्याने तिच्यात लिहायचं: कोणाला भेटलो, कोणासाठी, कशासाठी. न लिहिता भेटणाऱ्याचं नाव चौकशी करून फळ्यावर लागायचं आणि वर्षभर त्याला मंचाच्या सभेत बोलता यायचं नाही. नियमांचा मसुदा माझा होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा ती लिहीत, आई घड्या घाली, मी बाजारात वाटत असे. बाबांचा नियम एकच, मोघम लिहायचं नाही. ‘काही लोक’ असं लिहिणारा त्या काही लोकांना घाबरतो, असं ते म्हणत. बाबा गेले आणि पत्रकं माझ्याकडे आली. इथे मात्र मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. बाबांना ते आवडलं नसतं. पण गेल्या वर्षी मी एक पत्रक लिहिलं, त्यानंतर माझा हात नावापाशी अडतो.

फळ्यावर नावं लागू लागली तशी कुरकुर सुरू झाली. तुम्हीच पकडणार, तुम्हीच शिक्षा देणार, आणि तक्रारही तुमच्याकडेच करायची? प्रश्न रास्त होता. म्हणून मंचाबाहेरचे, कोणत्याही पक्षात नसलेले तीन लोक शोधायचं ठरलं. महिन्यातले दोन रविवार त्यांनी डिचोलीला आमच्या खोलीत बसायचं, अपील ऐकायचं, आणि ते सांगतील ते मंचाने मानायचं. जाहिरात मी लिहिली, अर्जाचा नमुनाही मीच केला. सातवा प्रश्न असा होता: ‘आपल्या घरात अथवा नात्यात खाण, वाहतूक, बांधकाम किंवा जमिनीचे व्यवहार यांच्याशी संबंधित कोणी आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

तीन पानांचा अर्ज धारगळच्या एका बाईंचा होता. मामलेदार कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळं गोत मांडलं होतं. थोरल्या दिरांचा ट्रक खनिजावर चालायचा. मामेभाऊ खनिज वाहणाऱ्या बार्जवर होता. धाकटा भाऊ मुरगाव बंदरात. पुतण्या जमिनी दाखवत फिरतो. आणि शेवटी: ‘माझे जावई डिचोली येथे असतात व एका बांधकाम कंपनीसाठी सरकारी कचेऱ्यांत ये-जा करतात. ते कोणाला भेटतात हे मला ठाऊक नाही, परंतु भेटतात हे ठाऊक आहे. त्यांचे प्रकरण आल्यास मी उठून बाहेर जाईन.’

मुलाखती भाईंच्या घरी आमोण्याला झाल्या. भाई म्हणजे मंचाचे अध्यक्ष, नदीकाठी शेती करणारे, बाबांचे जुने सोबती. बाई म्हापशाला आणि डिचोलीला अशा दोनदा बस बदलून आल्या होत्या. भाईंच्या घरच्यांनी उंडे पाव आणि पातळभाजी पुढे ठेवली. ती खाऊन, हात धुऊन त्या सरळ बसल्या.

“बाई, एवढां सगळां कित्याक लिवलात?” भाईंनी विचारलं.

“तुम्ही विचारलात म्हणान.”

“बाकीच्यांनी नुसतं ‘नाही’ लिहिलंय,” मी म्हटलं.

“तेंचे सगळे नातेवायक मेले काय गो बाय?”

भाई हसले. मी हसले नाही. मी विचारलं, “जावयांचं अपील आलं तर तुम्ही बाहेर जाल. त्यांच्या मित्राचं आलं तर?”

“मित्र कोण तां आधी तू ठरव. डिचोलीत एक तर सगळे मित्र, नायतर सगळे वैरी.” मग त्या जरा पुढे सरकल्या. “बग, तीस वर्षां मी कचेरीत अपिलां लावून घेतलंय. साहेब कोणाचो भाचो, कोणाचो मेवणो, तां भायर बाकड्यार बसलेल्यांका आमच्या आधी म्हायत असायचां. जो साहेब पयलोच सांगी, तेच्या निकालाक कोण हसाक नाय. जो लपवी, तेच्या खऱ्या निकालाकय लोक हसत.”

त्या गेल्यावर भाई म्हणाले, “हीच होयी.”

मी नाही म्हटलं. उद्या फळ्यावरचा माणूस विचारील, तुमच्या अधिकाऱ्याचा जावईच कंपनीसाठी फिरतो, मग? भाई म्हणाले, विचारूं दी, तिनां आधीच सांगितलांहा. मी म्हटलं, नियम तो नियम. तासभर वाद घातला. शेवटी भाईंनी हात झटकले. नियम मी लिहिलेला होता, आणि माझ्या बापाच्या मुलीशी भांडायची त्यांना सवय नव्हती.

खरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. ‘सगळे मेले काय’ हे वाक्य मला लागलं होतं. माझ्या प्रश्नाला कोणी हसावं, हे मला सहन झालं नाही.

‘नाही’ लिहिणाऱ्यांतले तिघे आम्ही नेमले. मग मी पत्रक लिहिलं. निवड कशी केली, कोणाला घेतलं आणि कोणाला का नाकारलं, सगळं उघड. बाईंचं नाव मी घातलं नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमानही होता. पण ‘मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या धारगळच्या एक बाई’ असं लिहिलं की पेडण्यात नाव लिहायची गरज उरत नाही. पुढे लिहिलं, ‘आपले डिचोलीतील जावई बांधकाम कंपनीसाठी कचेऱ्यांत फिरतात, असे त्यांनी स्वतःच लेखी दिले आहे.’ ‘स्वतःच’ हा शब्द मी नंतर घातला. त्याने वाक्याला धार आली असं वाटलं.

छापण्याआधी भाईंनी कागद वाचला. चष्मा काढला. “हां तिका विचारलंस?”

“अर्ज मंचाकडे आला की तो मंचाचा कागद.”

“तुझो बापूस लोकांनी लपवलेलां भायर काढी. हिनां लपवलेलां नाय.”

मी ऐकलं आणि कागद छापखान्यात दिला. डिचोलीच्या बाजारात आणि धारगळला हायवेवरच्या दुकानांत मी स्वतः पत्रकं वाटली.

पहिलं अपील एका ट्रकवाल्याचं होतं. मूळचा सिंधुदुर्गातला, खाणींच्या दिवसांत येऊन डिचोलीत स्थायिक झालेला. ट्रकांच्या रस्त्यासाठी तो मंत्र्याला भेटला होता आणि वहीत लिहिलं नव्हतं. खोली भरलेली. तिघे अधिकारी टेबलामागे. तो उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “माका बोलूचां तां मगे बोलतंय. पयलां ह्या मदल्या सायबांका विचारा. तेंच्या भावाची आणि माझी बार्ज एकत्र होती. साहेब, वळाखलात मा?”

खोली हसली. मधले साहेब उठून जिन्यात गेले. मी मागोमाग गेले. “भाऊ वेगळा राहतो,” ते म्हणाले, “म्हणून नाही लिहिलं.” त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा पाठवला.

भाईंनी मला शब्दाने दुखवलं नाही. इतकंच म्हणाले, “धारगळाक जा. फोन करू नको.”

मी गेले. बाईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. रिकाम्या झालेल्या अधिकाऱ्याच्या जागेवर त्यांनी यावं, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग सांगितलं ते असं. मुलीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. खोलीला चुना काढून झाला होता, खाट आली होती, बाळंतिणीला मालीश करणारी बाई ठरली होती. पत्रक आलं आणि जावयाचा फोन आला: माझी बायको त्या घरात येणार नाही. कंपनीने त्याला थोडे दिवस घरी बसायला सांगितलं होतं. त्याच्या आईने ते पत्रक भर बाजारात भाजी घेताना वाचलं होतं.

“चेडू फोन करता,” बाई म्हणाल्या. “न्हाणीत जाऊन. हळू बोलता, माका अर्ध्यां आयकूच येणा नाय.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माका मागून काय करतलंस.”

तिथून मी सरळ डिचोलीला जावयाकडे गेले. चांगलं बोलणारा माणूस. चहा सांगितला. “मी चोर नव्हे,” तो म्हणाला. “कागद हलत नाहीत, ते मी हलवतो. तुम्ही विचाराल, छापलं त्यात खोटं काय? काहीच नाही. पण घरातली गोष्ट सासूने लिहून दिली आणि तुम्ही वाटली.” त्याला दुसरं पत्रक हवं होतं, आधीची माहिती चुकीची होती असं सांगणारं. मी म्हटलं, खोटं लिहिता येणार नाही. न विचारता छापलं याबद्दल जाहीर माफी मागते.

“म्हणजे आणखी एकदा छापणार,” तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कप मी स्वतः उचलून घेतला, कारण तिला वाकता येत नव्हतं. निघताना मला वाटलं, आपण खोटं लिहायला नकार दिला, निदान तेवढं तरी नीट केलं. बसमध्ये हे समाधान मी म्हापशापर्यंत पुरवलं.

पंधरा दिवसांनी मंचाच्या पत्त्यावर बाईंचं पत्र आलं. तेच कचेरीतलं वळणदार अक्षर. ‘माझ्या अर्जासोबतच्या पुरवणीत जावयांसंबंधी लिहिलेला मजकूर गैरसमजातून लिहिला गेला असून तो चुकीचा आहे. कृपया नोंद घ्यावी.’ खाली लिहिलं होतं, प्रत माहितीसाठी, आणि जावयाचा पत्ता.

पत्र पिशवीत घालून मी पुन्हा धारगळला गेले. मुलगी आली होती. पडवीत खुर्चीत बसलेली, सुजलेले पाय स्टुलावर. मला पाहून तिने मान वळवली. बाई उठून फाटकापर्यंत आल्या, फाटक उघडलं नाही.

“हे खरं नाही,” मी हळू म्हटलं.

“नाय.”

“मी अजून नोंदवलेलं नाही. परत घ्या. ती तर आलीच आहे. कोणाला कळणार नाही.”

“तेका कळतलां. प्रत तेच्याकडे आसा. बाळाक घेऊन तिका परत थंयच जाऊचां आसा.”

मग मी, भाईंनी सांगितलं होतं म्हणून, की माझ्याच मनाच्या सोयीसाठी, म्हटलं, “ती जागा अजून रिकामी आहे. तुम्हीच बसावं असं सगळ्यांचं मत आहे. माझंही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बाकड्यावर तासन्‌तास बसून राहिलेल्या पक्षकाराकडे कारकुनाने पाहावं, तसं.

“आता तुमच्या फायलीत माझो खोटो कागद आसा,” त्या म्हणाल्या. “आधी तीन पानां खरी होती, तेव्हा बसलंय असतंय. आता अपील घेऊन इल्लो माणूस माझ्याकडे बोट दाखवतलो, आणि तेचां बरोबर असतलां. तेका मी काय सांगू?”

“नोंद कर,” त्या म्हणाल्या. “आवक क्रमांक घाल, तारीख घाल. अर्धवट ठेवू नको. उद्या तो इलो आणि पत्र खंय आसा म्हणान विचारल्यान, तर तुमका दाखवूक होया.”

मुलीने आतून हाक मारली. बाई वळल्या आणि गेल्या.

डिचोलीच्या खोलीत परत येऊन मी कुलूप काढलं, आवक वही उघडली. पत्रावर शिक्का मारला, क्रमांक घातला. विषयाच्या रकान्यापाशी थांबले. तिथे खरं लिहिलं असतं तर ती मुलगी पुन्हा न्हाणीत जाऊन फोन करू लागली असती. मी लिहिलं, ‘अर्जदाराकडून चुकीच्या मजकुराची दुरुस्ती’, आणि खाली सही केली. त्या वहीत खोट्या नोंदी याआधीही असतील. खोटी आहे हे जाणून माझ्या हाताने केलेली ही पहिली.