काच फोडणारा पाहुणा

आरसेकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे काकांना जो छंद लागतो तो थेट माझ्या डोक्यावर लागतो. ही तक्रार नाही. वरच्या घरात काय चाललंय हे कळायला मला कान टवकारावे लागत नाहीत, एवढी सोय किती जणांना मिळते?

काकांचं काचेचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारांना, खिडक्यांना, कपाटांना काचा बसवल्या. त्यांचं ठाम मत असं की जगातल्या कुठल्याही वस्तूच्या पाठीमागे आरसा लावला की ती वस्तू सुधारते. इमारतीतल्या एकूण एक शोकेसच्या पाठीला त्यांनी आरसा ठोकला आहे. माझे सहा कप त्यात बारा दिसतात. एकाचा टवका उडालाय, तो दोनदा उडालेला दिसतो. तेव्हापासून आम्ही त्यांना आरसेकाका म्हणतो आणि त्यांना तो किताब वाटतो.

मागच्या वर्षी गुडघ्याने संप केला आणि दुकान मुलाकडे गेलं. गेलं म्हणजे काय, मुलगा दुकानात बसायचा आणि काका फोनवर. दर तासाला एक फोन. "कोण आलं होतं? काय म्हणाला? तू काय म्हणालास? असं कशाला म्हणालास?" मुलगा शांत स्वभावाचा, आईवर गेलेला. त्याचं मागणं एकच होतं. गल्ल्याच्या वर काकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, 'येथे प्लास्टिक मिळणार नाही'. हल्ली गिऱ्हाईक ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं आरपार प्लास्टिक, मागतं, पाटी वाचतं आणि समोरच्या दुकानात जातं. मुलगा म्हणायचा, "बाबा, पाटी काढू या." काका म्हणायचे, "मी गेल्यावर काढ." यावर कुठल्याही शहाण्या मुलाला बोलता येत नाही, हे काकांना पक्कं माहीत.

वेळ जावा म्हणून सगळ्यांनी त्यांना मासे पाळायला सुचवलं. सगळ्यांनी म्हणजे मीच. चूक झाली, पुढे पाहाल.

मासे विकणाऱ्या दुकानदाराशी काकांची जुनी ओळख. त्याच्या निम्म्या टाक्या काकांनीच बांधलेल्या. त्याच्याकडे त्याच सुमाराला एक भानगड झाली होती. समुद्रातल्या दगडांची पेटी आली, दगड टाकीत ठेवले, आणि रोज सकाळी एक मासा कमी. आधी त्याला वाटलं मांजर. मग वाटलं नोकर. शेवटी एका दगडाच्या भोकातून दोन डोळे बाहेर आले. मँटिस श्रिम्प. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, वीतभर लांब, अंगावर हिरवा, लाल, निळा असे सगळे रंग, जणू उरलेल्या डब्यांतून रंगवलाय. पुढे दोन गोट्यांसारखे ठोसे. त्या ठोशांनी तो शिंपले फोडतो आणि आतलं खातो.

दुकानदाराने तो काकांना फुकट दिला. फुकट ते पौष्टिक, म्हणून काका हो म्हणाले. वर दुकानदाराने जाता जाता सांगितलं, "काका, याला ॲक्रिलिकच्या टाकीत ठेवा बरं. हा काच फोडतो."

झालं. दुसरं काहीही बोलला असता तरी चाललं असतं.

त्या दिवशी मी वर गेले तेव्हा घरात सभाच भरली होती. मुलगा म्हणत होता, "बाबा, मी आणतो शीट, दोन दिवसांत टाकी करून देतो."

"माझ्या घरात प्लास्टिक येणार नाही."

"न्हाणीतली बादली प्लास्टिकचीच आहे," काकू आतून म्हणाल्या.

"बादलीचं सोड. बादलीतून आरपार बघायचंय का कुणाला?"

"तो काच फोडतो बाबा."

"कोणाची? बाजारातली फोडत असेल. माझी फोडून दाखवू दे." मग काका खुर्चीत ताठ झाले. "सहा महिने. सहा महिन्यांत माझी काच फुटली, तडकली, काहीही झालं, तर पाटी उतरव आणि दुकानात हवं ते विक. मी फोनसुद्धा करणार नाही. आणि टिकली, तर पाटीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "हिला साक्षीदार ठेव. काही झालं तर पाणी आधी तिच्याच घरी जाणार आहे."

असा मान मला याआधी कोणी दिला नव्हता.

टाकी काकांनी घरातच बांधली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, बारा मिलीमीटरची काच. गुडघा वाकत नव्हता म्हणून जेवणाच्या टेबलावर काच ठेवून कापली, आणि आठ दिवस काकू आणि ते ओट्यापाशी उभ्याने जेवले. कडा घासून अशा गुळगुळीत केल्या की मला बोट फिरवून बघावं लागलं, तीनदा. सांध्यांना सिलिकॉन भरलं, ते सुकलं, मग पाणी भरून दोन दिवस गळते का ते पाहिलं. ते दोन दिवस मी गादी गुंडाळून ठेवली होती. गळली नाही. खोटं कशाला बोलू, माणूस कसाही असो, हात सोन्याचा आहे.

मग मीठ. साधं नाही, समुद्राचं म्हणून वेगळं पोत्यात मिळतं ते. जवळजवळ दोनशे लिटर पाण्यात ते कालवायचं आणि एका काचेच्या नळीने खारेपणा मोजायचा. मग वाळू, दगड, आणि पाहुण्याला दडून बसायला एक नळा. एवढं झाल्यावर दुकानदाराने सांगितलं की आता पाच आठवडे काही करायचं नाही. दगडांवर जंतू वाढतील, तेच पुढे पाणी साफ ठेवतील, तोवर टाकी तशीच राहू द्यायची. पाच आठवडे काका येणाऱ्याजाणाऱ्याला खारं पाणी दाखवत होते. लोक कौतुकाने बघायचे. एक जण तर म्हणाला, छान आहे, फार हालचाल करत नाही. पाहुणा तोवर दुकानदाराकडे बादलीत. प्लास्टिकच्या.

आणि पाहुणा यायच्या आदल्या दिवशी काकांनी टाकीच्या पाठीमागे, बाहेरच्या अंगाला, टाकीएवढा आरसा उभा केला. तीन फुटांची टाकी सहा फुटांची दिसायला लागली. त्यांना कोणी विचारलं नाही, का म्हणून. आम्हा सगळ्यांच्याच घरी आहे, विचारणार कोण?

पाहुणा आला. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याला भाऊजी म्हणायला सुरुवात केली. "तोंड बघा, यांच्या पाठचाच आहे," म्हणाल्या. डोळे तर असे की प्रत्येक आपापला फिरतो. एक काकूंवर, एक माझ्यावर. मला पहिल्यांदाच माझ्या तोडीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

ठोका ऐकू आला तो पहिल्याच संध्याकाळी. टक्. मी खाली चहा गाळत होते. मग पुन्हा टक्. मग वरून काकांचा आवाज, मुलाला फोन चालला होता: "ठोसा मारला. काच हललीसुद्धा नाही. लिहून ठेव."

पुढे ते रोजचंच झालं. आधी दिवसाला पाच-सहा, मग वीस, मग मोजायचं सोडून दिलं. काका मात्र मोजत होते. मुलाला फोन जायचा, "आज चाळीस. काच हसतेय त्याला." मुलगा बिचारा "हो बाबा" म्हणायचा. दुकानात गिऱ्हाईक पाटी वाचून समोर जात होतं आणि इथे एक वीतभर प्राणी दिवसभर राबून त्या पाटीचं आयुष्य वाढवत होता.

दोन महिने झाले. एक दिवस काकू म्हणाल्या, "भाऊजी जेवत नाहीत." गोगलगायी टाकल्या तर त्या त्याच्या अंगावरून फिरत होत्या. दुकानदार फोनवर म्हणाला, कात टाकायच्या आधी खात नाहीत. पण कात टाकणारा प्राणी दडून बसतो म्हणे, आणि हा सकाळी दिवा लावल्यापासून मागच्या काचेवर तुटून पडलेला. पुढच्या काचेला एकही ठोसा नाही.

मी नेमकी तिथे होते. मी नेमकी असतेच. काकू टाकीसमोर उभ्या राहिल्या, आरशात बघून कपाळावरचे केस सारखे केले आणि थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "यांना तिथे दुसरे भाऊजी दिसतायत."

काका खुर्चीतून पुढे वाकले.

"आपल्याच घरात आपल्याच तोंडाचा माणूस घुसलाय म्हटल्यावर काय करतील? मारामारीच करतील. दोन महिने जेवण सोडून मारामारी करतायत."

काकूंनी चादर आणली आणि टाकी आणि आरशाच्या मध्ये सोडली. टक्टक् बंद. इतकं शांत झालं की मला खाली घरी गेल्यावर चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दोन गोगलगायी फोडून खाल्ल्या.

काकांना मात्र लागलं. "चाळीस वर्षांत आरशाबद्दल एक तक्रार नाही," असं दोनदा म्हणाले. मग आरसा काढायला मला हाताशी घेतलं. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. आरसा भिंतीला टेकवला आणि काकांनी टॉर्च तिरपा धरून मागची काच पाहिली. पाहिली आणि तिथेच थांबले.

"काय झालं?" मी.

"पाण्याचा डाग."

मी म्हटलं असेल. मला काचेतलं काय कळतं? पण त्या दिवसानंतर मुलाला जाणारे फोन बंद झाले. हे मला कळायला अर्धा दिवसही लागला नाही. टाकीतला मोठा दगड मागच्या काचेला चिकटवून उभा केला गेला. काका सकाळ-संध्याकाळ तिथे टॉर्च घेऊन. चौथ्या दिवशी जिन्यात भेटले तर म्हणाले, "तुझा पलंग कुठल्या भिंतीला आहे गं?"

"दाराकडच्या. का?"

"खिडकीकडे ठेव. हवा चांगली येते."

दोन दिवसांनी पुन्हा. "हलवलास का पलंग?"

आता मी गप्पिष्ट आहे, पण बावळट नाही. सरळ त्यांच्याबरोबर वर गेले आणि म्हटलं, "काका, टॉर्च द्या." त्यांनी दिला. दगडाच्या कडेने पाहिलं. काचेत मुगाच्या दाण्याएवढी चांदणी, आणि तिच्यातून केसासारखी एक रेघ खाली गेलेली. मी शंभरदा पुढून गेले असते तरी दिसली नसती. कोणालाच दिसली नसती.

"वाढतेय?"

"परवापासून दोन सूत."

"आणि कोणाला माहितीये?"

"मला." मग टॉर्च परत घेत, "काच एकदा चिरली की थांबत नाही. आजही जाईल, चार महिन्यांनीही जाईल. चार महिने काढले असते तर..."

"तर काका, एक सांगा. माझा पलंग हलवायचा, की तुमची पाटी?"

ते खुर्चीत बसले. टाकीत भाऊजी नळ्याच्या तोंडाशी येऊन आम्हा दोघांकडे एकेक डोळ्याने बघत होते. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू?" काका म्हणाले, "नको. मी जरा दुकानात जाऊन येतो." आठ महिन्यांत ते पूर्ण जिना उतरून रस्त्यावर गेले नव्हते. मी सोबत गेले. गुडघ्यासाठी म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

दुकानात एक बाई खिडकीची तुटलेली काच घेऊन उभी होती. काका तिच्या मागे उभे राहिले. मुलगा धावत बाहेर आला. "बाबा, तुम्ही? आत या, बसा."

"मी गिऱ्हाईक आहे. त्यांचं आधी होऊ दे."

बाईंचं झालं. मुलाने वही ओढली. त्यालाही काही कळेना, पण सवयीने विचारलं, "माप?"

"तीन फूट, दीड, दीड. टाकी."

"जाडी किती? बाराचीच काच?"

"काच नको."

मुलाचं पेन थांबलं. काका गल्ल्याच्या लाकडाकडे बघत होते. "ते दुसरं दे."

"दुसरं म्हणजे?"

मला वाटलं, कशाला विचारतोय मेला, समजलंय ना. पण त्याला खरंच समजलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकांनी मान वर केली. "पाटीवर लिहिलंय ते."

"पाटीवर तर लिहिलंय की ते मिळणार नाही."

"मग आधी पाटी उतरव."

मुलाने स्टूल आणलं. चार स्क्रू, चारही गंजलेले, एकही फिरेना. काका खालून सांगत राहिले, आधी तेल सोड, मग उलटा एक वेढा दे, जोर मनगटाने लाव. अर्ध्या तासाने पाटी उतरली आणि भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. मुलगा म्हणाला, "बाबा, चिरली का?" काका म्हणाले, "चिरली. बाराची घेतली, पंधराची घ्यायला हवी होती." आरशाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही काढलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग बोटावर मोजण्याइतके.

चौथ्या दिवशी ॲक्रिलिकची टाकी आली. भाऊजींना जाळीत धरून हलवलं, काकूंनी दुरून सूचना दिल्या. सगळं नीट झालं, आणि काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने वर्तमानपत्राचा बोळा करून टाकी पुसली. पुढच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा.

इतका आनंदी माणूस मी त्या घरात कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

फोन करणार नाही असा शब्द होता, म्हणून काका फोन करत नाहीत. स्वतः जातात. रोज दहाला जिना उतरतात, गल्ल्याशेजारी खुर्ची टाकतात. परवा मी सहज डोकावले. एक तरुण जोडपं ॲक्रिलिकची टाकी बघत होतं.

"घ्या, घ्या," काका म्हणत होते. "वजनाला हलकी आहे. ओरखडे पडतात, वर्षभरात पिवळी पडते, बाकी काही नाही. माझ्या घरी आहे ना, अनुभवाने सांगतो."

"मग तुम्ही का घेतलीत?" त्या मुलीने विचारलं.

"माझ्याकडे राहणारा काच फोडतो. तुमच्याकडे कोण राहणार आहे?"

"दोन गोल्डफिश."

काकांनी मुलाला हाक मारली. "यांना बाराची काच दाखव."